रोपांसाठी गाडी पाहताना

नोकरीतून सुटलो आणि माझ्यामागे एक नवीनच काम लागलं. ओळखीतला कोणी छोटी पिकअप घ्यायला निघाला की आधी मला फोन करतो. "काका, डिझेल घेऊ का सीएनजी?" "काका, सात फुटांचा डाला पुरंन का आठचा पाहू?" डाला म्हणजे मागची माल ठेवायची जागा, हे मला स्वतःलाच परवा-परवा कळलं. मी आयुष्यात स्कूटरपेक्षा मोठं काही चालवलेलं नाही. शहरात, धरमपेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि भाजी आणायला पायी जातो. तरी लोक विचारतात आणि मीही सांगतो, कारण धाकट्या बहिणीच्या गाडीसाठी मी दीड महिना जी धावपळ केली तिचा नात्यागोत्यात बराच बोलबाला झाला. त्या गोष्टीत माझी अक्कल किती आणि गाढवपणा किती हे मात्र कोणी विचारत नाही, म्हणून आज मीच सांगतो.

माझा स्वभाव मुळातच तुलनेचा. सरकारी कचेरीत तीस वर्षं तक्ते आखले, त्यामुळे उभ्या-आडव्या रेघा मारल्याशिवाय मला विचारच करता येत नाही. एका वर्षी घरी नवा कूलर घ्यायचा होता. मी दुकानं पाहिली, टाक्या मोजल्या, पंख्यांची पाती तपासली, वाळ्याच्या ताट्यांचा वास घेऊन आलो आणि सगळं कागदावर मांडलं. निर्णय झाला तेव्हा उन्हाळा संपला होता. बायकोने तो तक्ता घडी करून वारा घ्यायला वापरला आणि अजूनही पाहुण्यांना ती ही गोष्ट सांगते.

बहीण शहराबाहेर खाप्याला असते. तिथे तिने सतरा वर्षांपूर्वी घरामागच्या तुकड्यात मिरचीची रोपं करायला सुरुवात केली. आधी साधे वाफे होते. मग हिरवी जाळी आली, प्लास्टिकचे ट्रे आले, आणि आता मिरची, टमाटर, कोबी, वांगी अशी रोपं आसपासच्या गावांतले शेतकरी तिच्याकडून नेतात. बी निवडण्यापासून पाणी देण्यापर्यंत सगळं तिच्या हातचं. जवाईबुवांकडे, म्हणजे तिच्या नवऱ्याकडे, पोचवायचं काम होतं. त्यांच्याजवळ तीनचाकी मालरिक्षा होती, तिच्यात पुढे चालवणाऱ्यापुरतीच जागा. ते ट्रे भरून निघायचे आणि बहीण फाटकापाशी उभी राहून किती ट्रे गेले ते मोजायची. गेल्या वर्षी त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी यापुढे गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. रिक्षा विकली. मग भाड्याचा टेम्पो येऊ लागला, तो त्याच्या मर्जीने यायचा आणि तोवर रोपं उन्हात माना टाकायची. शेवटी दोघांनी स्वतःची पिकअप घ्यायचं ठरवलं, आणि निवडायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी नवी वही आणली.

वहीत मी तीन गाड्या घेतल्या. कंपन्यांची नावं इथे लिहीत नाही, उगाच कोणाला वाईट वाटायला नको. एक होती पांढरी, मोठी, डिझेलची, पुढे लांब नाक असलेली. दुसरी निळी, आखूड, सीएनजीची, चपट्या तोंडाची. तिसरी विजेवर चालणारी, तिचा आवाजच होत नव्हता. तिसरीबद्दल जवाईबुवा एवढंच म्हणाले, "लाइट गेली त गाडी बी आपल्यासंगं घरीच झोपन." खाप्याच्या विजेचा त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा जुना, म्हणून ती बाद झाली. उरलेल्या दोघींत मी वजन, डाल्याची लांबी, मायलेज, टायर, देखभाल अशी रकानेच्या रकाने भरली आणि प्रत्येक रकान्यात पांढरी पुढे निघाली. दीड टन माल उचलते म्हटल्यावर बोलायचं कामच नव्हतं.

तरी खात्री करावी म्हणून एका सकाळी लकडगंजला गेलो. तिथल्या ठोक बाजारात अशा गाड्यांची रांगच उभी असते. फाळक्यावर, म्हणजे डाल्याच्या मागच्या झडपेवर, बसून चहा पिणाऱ्या एका ड्रायव्हरला मी वही दाखवली. त्याने ती उलटीसुलटी पाहिली आणि विचारलं, "साहेब, माल कायचा हाये?"

"रोपांचा," मी म्हणालो.

"मंग टन काहून पाहून राहिले?" तो इतका हसला की चहा सांडला. "रोपाले वजन असते का? जड मालाची गाडी हलकी चालवली त उड्या मारते. मागचे पाटे, म्हंजे स्प्रिंगा, जाड राहते तिचे. पोतं असलं त बसते, रोप असलं त नाचते."

हे मला कोणत्याच शोरूममध्ये कोणी सांगितलं नव्हतं. मी तिथेच उभ्या उभ्या लिहून घेतलं. आता मला विचारणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच करतो की बाबा रे, नेणार काय आहेस? कांदे असतील तर एक गाडी, फर्निचर असेल तर दुसरी, अंडी असतील तर तिसरीच.

खाप्याला जाऊन हे सांगितल्यावर बहिणीने एक सोपा उपाय काढला. जवाईबुवा आणि मी डेमोच्या वेळी डाल्यात रेतीची पोती टाकून पाहणार होतो. ती म्हणाली, "आपण रेती विकतो का? रोपं ठेवून पाहा ना गा." झालं. टमाटरचे दहा ट्रे बाजूला काढले, डाल्यात बसेल अशी फळ्यांची मांडणी केली, आणि दोन्ही शोरूमना सांगितलं की गाडी खाप्यालाच आणा. नवरात्राच्या आधीचे दिवस होते. पावसाने रस्त्याची चाळण झालेली, म्हणजे परीक्षा चांगली होणार. घरापासून नदीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढा मार्ग ठरवला.

पांढरी आधी आली. तिच्याबरोबर एक पोक्त माणूस होता, तो शांतपणे चालवत होता. मी शेजारी बसून वहीत टिपत होतो. परत येऊन पाहिलं तर दोन ट्रेमधली रोपं कलली होती, बाकीची ठीक. लकडगंजच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं त्या मानाने हा निकाल बराच बरा होता. दुपारी निळी आली. तिचा सेल्समन तरणाताठा, तोंडात सतत काहीतरी चघळणारा. ही गाडी हलकी, पाटे मऊ, म्हणजे हिचा निकाल चांगला यायला हवा होता. पण परत येऊन फाळका उघडला तर पाच ट्रे पार विस्कटलेले. रोपं आडवी, मुळाशी घातलेला नारळाचा भुसा सगळ्या डाल्यात पसरलेला. बहीण एकेक रोप उचलून पुन्हा ट्रेच्या खाचेत बसवू लागली. मी निळीसमोर फुली मारली.

आता मी काय केलं तर गाडीच्या पुढच्या सीटवर बसूनही रस्त्याकडे एकदासुद्धा पाहिलं नाही. मान खाली घालून मी आकडे उतरवत होतो. डोक्याला वर दोन टोले बसले तेसुद्धा मी गाडीच्या खाती लिहिले, "धक्के जास्त" म्हणून.

संध्याकाळी जवाईबुवा आणि मी ओट्यावर बसून निर्णय केला. पांढरी घ्यायची, आणि ती उड्या मारते तर डाल्यात कायमची चार पोती रेती ठेवायची. रोपांसाठी हलकी गाडी हवी असताना जड गाडी घ्यायची आणि ती हलकी पडते म्हणून तिच्यात रेती भरायची, हा उपाय त्या वेळी आम्हाला फार हुशारीचा वाटला. चालवायला गावातलाच एक माणूस त्यांनी हेरून ठेवला होता, आधी ट्रकवर होता. सगळं जुळलं होतं. मी वही मिटली आणि मला छान भूक लागली.

जेवायला बसलो. बहिणीने आम्हाला वाढलं, स्वतःचं ताट घेतलं आणि एक घास खाऊन म्हणाली, "दादा, दीड महिना झाला तू गाड्या पाहून राहिला. मले एकदा तरी विचारलं का, तुले कोणती चालवता येते म्हून?"

मला वाटलं थट्टा करते. मी हसलो. जवाईबुवा हसले नाहीत. त्यांचा हात ताटातच थांबला.

"तुले येते चालवता?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाले. यायनंच शिकवलं," तिने नवऱ्याकडे मान उडवली. "खांदा दुखायले लागला तवा म्हणे, अडीअडचणीले कामी पडन. शेजाऱ्याच्या गाडीवर शिकली. लायसन्स बी काढलं. अडीअडचण आली तवा मात्र ट्रकवाला सापडला."

जवाईबुवा हळूच म्हणाले, "अवं, पण तुले कशाले तो ताप? माल उतरवन कोण? पंक्चर झाली त?"

"ज्याचं वावर त्याच्याजवळ माणसं असतेच, ते उतरवते. पंक्चरचं दुकान हाये. तुमचं पंक्चर झालं तवा तुम्ही काय दातानं काढलं का?"

मला हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून मी ते गिळलं. ती भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बोलत होती. "सतरा वर्षं मी रोपं करून राहिली, दादा. फाटकापाशी मोजून देते आन् वापस येते. कोणाच्या वावरात गेले, कसे लागले, फळ किती धरलं, मले माहीतच नाही. रोप मेलं त फोन येते. जगलं त कोणी फोन करते का? मले फक्त मेलेलेच माहीत हायेत. ड्रायव्हर ठेवला त मी पुन्हा फाटकापाशीच."

मला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. टायरच्या रबराबद्दल मी तीन दुकानदारांना विचारलं होतं. लकडगंजला जाऊन एका अनोळखी माणसाला वही दाखवली होती. आणि जिच्या कामासाठी गाडी घ्यायची ती दर खेपेला माझ्यासमोर चहाचा कप ठेवून जात होती. जवाईबुवा म्हणाले, "मीच शिकवलं आन् मीच विसरलो." एवढं बोलून त्यांनी तिच्या ताटात भाजी वाढली. नवऱ्याने बायकोला वाढलेलं त्या घरात मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मंग पांढरी चालवून पाहतं का?" मी म्हणालो.

"पांढरीत बसून पाह्यलं मी, तुम्ही लोकं चहा घेत होते तवा. नाक लांब हाये तिचं, मले समोरचा रस्ता दिसत नाही. क्लचवर पाय ठेवाले सीटच्या टोकावर यावं लागते. डाला बी उंच, ट्रे चढवता चढवता खांदे भरून येतीन. एक खांदा घरात हायेच तसा. निळीत समोरचं सारं दिसते. डाला कमरेबरोबर."

"पण निळीनं पाच ट्रे पाडले ना वं!"

"निळीनं नाही पाडले," ती म्हणाली. "बोलाव त्या पोराले पुन्हा. तेच ट्रे ठेवू, तोच रस्ता. मी चालवते. पडले त मी काही बोलत नाही, तुम्ही ठेवा तुमचा ट्रकवाला."

दोन दिवसांनी निळी पुन्हा आली. सेल्समनला वाटलं होतं सौदा पक्का करायला बोलावलंय. बहीण चालवणार हे ऐकून त्याने आमच्याकडे, म्हणजे दोन पुरुषांकडे पाहिलं. "मॅडमजवळ लायसन्स हाये का?" तिने लायसन्स काढून त्याच्या हातात दिलं. तो निमूटपणे मधल्या सीटवर सरकला आणि मी खिडकीशी बसलो. वही घरीच ठेवायला बहिणीने सांगितलं होतं. जवाईबुवा फाटकापाशी उभे राहिले. दहा ट्रे मोजून त्यांनीच चढवले होते, एका हाताने.

मी पहिल्यांदा रस्ता पाहिला. खड्डे किती होते! बहीण प्रत्येक खड्ड्याच्या आधी वेग कमी करायची, एक चाक उतरवायची, मग दुसरं. ब्रेक दाबते आहे असं कुठे जाणवायचं नाही. सेल्समनने दोन-तीनदा "मॅडम, थोडं दाबा ना, गाडीत दम हाये" म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "गाडीत हाये, रोपात नाही ना भाऊ." पुलापाशी गाडी वळवताना ती जीभ किंचित बाहेर काढून वळवत होती. लहानपणी सुईत दोरा ओवताना ती अशीच करायची. माझे हात उगाच गुडघ्यांवर घट्ट झाले होते. मला भीती गाडीची नव्हती. एखादा ट्रे आडवा निघाला तर ती दिलेला शब्द पाळेल आणि पुन्हा कधी काही बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. पोट्टी लहानपणापासून शब्दाची पक्की.

परत आलो. ती गाडीतून उतरून मागे आली नाही, स्टेअरिंग धरून तशीच बसून राहिली. फाळका जवाईबुवांनी उघडला. दहाच्या दहा ट्रे उभे होते. एका ट्रेच्या कोपऱ्यात एक रोप वाकलेलं दिसलं तेव्हा मी ते बोटाने सरळ करू लागलो, तर ती पुढूनच ओरडली, "ते सकाळपासूनच तसं हाये!" आरशातून पाहत होती. जवाईबुवा खो खो हसत सुटले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले ते मी पाहिलं.

दसऱ्याला निळी घरी आली. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि लिंबांवरून गाडी बहिणीनेच पुढे घेतली. शेजारपाजारच्या बायकांनी आधी गाडीला ओवाळलं आणि मग तिला.

पहिल्या फेरीला ती मला सोबत घेऊन गेली. सावनेरच्या पुढच्या एका गावात टमाटरची रोपं पोचवायची होती. ज्याच्याकडे जायचं तो शेतकरी बरीच वर्षं तिचंच रोप लावत होता, पण दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. बांधाशी गाडी उभी राहिली तसा तो आला, चालवणारी बाई पाहून थबकला, आणि आवाज ऐकल्यावर म्हणाला, "अरे, फोनवाल्या ताई तुम्हीच होय!" माणसांनी ट्रे उतरवून घेतले. तेवढ्यात त्याची बायको वावरातून आली. बहिणीने तिला विचारलं, "जुलैत मिरची नेली होती तुम्ही. जगली का?"

त्या बाईने बहिणीचा हात धरला आणि विहिरीच्या पलीकडे घेऊन गेली. मी मागे मागे गेलो. पलीकडे मिरची उभी होती, कमरेएवढी, ओळीमागून ओळी थेट पळसांपर्यंत. पानांखाली मिरच्या लोंबत होत्या, काही हिरव्या, काही लाल व्हायला आलेल्या. बहीण पहिल्या ओळीपाशी थांबली. वाकली, एका झाडाच्या बुंध्याशी बोटं नेली, जिथे कधीकाळी ट्रेच्या खाचेतला भुसा असेल तिथे. मग पुढच्या झाडापाशी गेली, मग त्याच्या पुढच्या. ती ओळ तिने अशीच हात लावत लावत संपवली आणि दुसरीत शिरली.

शेतकऱ्याची बायको कमरेवर हात ठेवून पाहत होती. ती मोठ्याने म्हणाली, "पोरी तुमच्याच हायेत ताई. लेकीच्या घरी यायले इतके वर्षं काहून लावले?" आणि तिने ओंजळभर मिरच्या तोडून बहिणीच्या पदरात घातल्या, जशी ओटी भरतात तशा. माझी बहीण पदर धरून तिथे उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, आणि दोन्ही हात पदरात गुंतल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं.

परतीच्या वाटेला लागलो. मागचा डाला रिकामा होता, तरी ती प्रत्येक खड्डा सांभाळून घेत होती. मग म्हणाली, "दादा, आधीच्या सोळा वर्षांचे रोपं गेले गा माहे. लागले, फळले, लोकांनी उपटून बी टाकले. ते काही आता पाहाले भेटत नाही." मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, पण तिने गाडी बाजूला घेऊन थांबवली होती. डावीकडे कोणाचं तरी कोबीचं वावर होतं. "हे आपलंच हाये वाटते, गेल्या महिन्यातलं," असं म्हणून ती उतरली आणि दार उघडंच टाकून बांधाकडे धावली.